स्वतंत्र अर्थिंग

१

माझा दिवस दुसऱ्यांचे कान तपासण्यात जातो. रुग्णालयाच्या तळमजल्यावर जाड भिंतींची एक छोटी खोली आहे. तिच्यात माणसाला बसवायचं, हेडफोन लावायचे आणि काचेबाहेरून बारीक बारीक होत जाणारा एकेक आवाज सोडायचा. ऐकू आला की बटण दाबा, एवढंच सांगायचं. माणसं या बाबतीत फार लबाड असतात. ऐकू आलं नाही तरी बटण दाबतात, कारण आपल्याला कमी ऐकू येतं हे परक्यासमोर कबूल करायला जीवावर येतं. मग मी आवाज सोडतच नाही आणि नुसता बघत बसतो. तरीही बटण दाबलं जातं आणि मी कागदावर खूण करतो.

दुपारी मी घरी पोचलो की ताईजवळ बसणारी मदतनीस चपला घालून निघते. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा मला हिनंच लहानाचं मोठं केलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आवाज असा खणखणीत, की लांबच्या गावची माणसं नंबर मागायचं सोडून हिच्याशीच गप्पा मारत. मागच्या हिवाळ्यात तिची डावी बाजू लुळी पडली आणि मी तिला माझ्याकडे आणलं. वाचा मात्र शाबूत राहिली. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा. मीही येणाऱ्याजाणाऱ्याला तसंच सांगत असे.

वाचा शाबूत, म्हणजे हाका शाबूत. "धाकट्या, किती वाजले रे?" "धाकट्या, ते मांजर भिंतीवरून गेलं का?" "धाकट्या... काही नाही, आहेस का ते बघितलं." मी प्रत्येक वेळी उठत असे. उठत असे खरा, पण तोंड वाकडं करूनच. कारण त्या वेळेला मी बाहेरच्या खोलीत माझ्या खुर्चीवर बसलेला असे, आणि समोर रेकॉर्ड फिरत असे.

गाणं ऐकणं हा माझा छंद, असं म्हटलं की बायको हसते. "छंद कसला, नोकरी आहे ती. आमचे कानसेन ड्यूटीवर बसलेत, आता घरात टाचणी पाडायची नाही." ती प्राथमिक शाळेत शिकवते, संध्याकाळी घसा बसवून घरी येते. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. स्पीकर भिंतीपासून बोटभर पुढे-मागे करण्यात मी सुट्ट्या घालवल्या आहेत.

आणि एवढं करूनही गाण्यामागे एक घरघर राहिली होती. सुई वर असतानाही ऐकू येई, म्हणजे ती विजेतून येत होती. एका रविवारी मी खुर्चीत बसलो आणि बायको मीटरच्या फळीपाशी उभी राहून एकेक बटण बंद करत गेली. "आता?" "आहे." "आता?" "अजून आहे." फ्रिज झाला, पंखे झाले, दिवे झाले. मग तिची हाक आली नाही. ती स्वतःच दारात येऊन उभी राहिली.

"आता एकच राहिलंय," ती म्हणाली.

ताईच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिच्याखाली हवेची गादी आहे. तिच्या पट्ट्या आळीपाळीनं फुगतात आणि बसतात. ते काम करणारा पंप पलंगाच्या पायथ्याशी लटकलेला असतो आणि रात्रंदिवस चालतो. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग मी आत गेलो, पंपाचं बटण बंद केलं आणि धावत खुर्चीत येऊन बसलो. घरघर गेली होती. मी किती वेळ बसलो कुणास ठाऊक. आतून ताईचा आवाज आला, "धाकट्या, पाठ खाली लागली रे."

२

आमच्यासारख्या कानवेड्यांचा एक दुकानदार आहे. शिवणयंत्रांच्या दुकानावर त्याच्या दोन खोल्या आहेत. आम्ही त्याला वैद्यबुवा म्हणतो, कारण तो आधी सगळी लक्षणं विचारतो, मग डोळे मिटून बसतो आणि मगच कपाट उघडतो.

"तुमच्या स्पीकरला धाड भरलेली नाही," तो म्हणाला. "वीज घाणेरडी आहे तुमची. नळालाच गढूळ पाणी येत असेल तर भांडी बदलून काय होणार?"

त्यानं एक काळी, जड पेटी काढली. पुढे हिरवा दिवा, मागे सॉकेटच्या दोन रांगा. पॉवर कंडिशनर. वीज आत जाते, गाळून बाहेर येते.

"आणि गाळलेलं?" मी विचारलं.

"ते अर्थिंगला. पण घराचं अर्थिंग चालायचं नाही हं, त्यात साऱ्या गल्लीची घाण असते. स्वतःचा खड्डा घ्या. परसात जागा आहे ना? तांब्याची पट्टी पुरायची, कोळसा आणि मीठ भरायचं. पेटी जे काढेल ते तिथे जाईल."

"तिथे जाऊन त्याचं काय होतं?"

वैद्यबुवाला प्रश्न बालिश वाटला असावा. "जमीन आहे ती साहेब. पोटात घेते."

मग तो पुढे झुकला. खास गिऱ्हाइकालाच सांगायची गोष्ट असली की तो असा झुकतो. "गाण्याची यंत्रं तर पेटीला सगळेच लावतात. शहाणा माणूस घाण करणारं यंत्रही लावतो, दुसऱ्या रांगेत. जिथे होते तिथेच अडवायची, म्हणजे घरभर पसरत नाही. तुमच्याकडे असं काही आहे का, सारखं चालू असणारं? फ्रिज वगैरे?"

"तसंच काहीतरी," मी म्हणालो.

माझी बहीण आहे, आजारी आहे, तिचा पंप आहे, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? पण मी 'तसंच काहीतरी' म्हणालो. आजही ते आठवलं की मला कुठे तोंड लपवू असं होतं.

निघताना त्यानं बजावलं, "एकदा लावली की मुरू द्यायची. महिनाभर बंद करायचं नाव काढू नका. मध्येच बंद केलीत तर पहिले पाढे पंचावन्न."

वायरमननं परसात कुंपणाच्या भिंतीलगत खड्डा खणला. पट्टी उभी केली, कोळशाचा आणि मिठाचा थर देत भरत आणला, मध्ये एक लोखंडी पाइप सोडला आणि वर सिमेंटचं झाकण बसवलं. "रोज बादलीभर पाणी घालत जा पाइपात," तो म्हणाला. "कोरडा पडला तर ओढायचा नाही."

३

पंपाची वायर पेटीपर्यंत पोचत नव्हती, म्हणून मी ताईच्या खोलीतून बाहेरच्या खोलीपर्यंत दुसरी वायर ओढली. ताई उशीवरून बघत होती.

"काय चाललंय रे?"

"तुझ्या पंपाला चांगली वीज मिळावी म्हणून."

तिचा जन्म वायरींत गेला होता. ती हसली. "माझी खरखर येते ना तुझ्या लाइनवर?"

"छे गं!"

"येत असेल तर सांग बाबा. आम्ही खरखर आली की सरळ प्लग उपसायचो."

"ताई, काहीतरीच काय!"

"लाव, लाव. मला काय, गादी फुगल्याशी मतलब." मग म्हणाली, "तुला तो पहिला रेडिओ आणून दिला तो मीच. आता कुणाला बोल लावू?"

मी प्लग लावला. हिरवा दिवा लागला. खुर्चीत येऊन बसलो आणि माझी आवडती रेकॉर्ड लावली. एकच बाई गाते, सोबत एकच तंतुवाद्य. ही रेकॉर्ड मला तोंडपाठ आहे असं मी समजत होतो. पण त्या दुपारी ती बाई माझ्यासमोर उभी होती. ओळ उचलण्याआधी ती श्वास घ्यायची, ओठ ओले करायची, तेसुद्धा ऐकू येत होतं. वाजवणाऱ्याचं बोट तारेवरून सरकताना सुटणारा बारीक चरचराट आला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि मी ते पुसलंही नाही.

बाजू संपली. सुई उचलली गेली. मी तसाच बसून राहिलो, आणि हळूहळू माझ्या ध्यानात आलं की घरात काहीच ऐकू येत नाही. गाण्यामागची घरघर गेली होती, ती जायलाच हवी होती. पण ताईच्या खोलीतून भिंतीपलीकडून येणारा पंपाचा साधा आवाजही नव्हता.

गादी बसली असणार. मी आत धावलो. उंबरा ओलांडला आणि पंपाची घर्रघर्र कानावर आली. गादीच्या पट्ट्या नेहमीसारख्या फुगत होत्या. ताई छताकडे बघत होती.

"एवढा धावत काय आलास?" ती म्हणाली. "मघापासून हाका मारतेय, तेव्हा नाही आलास."

४

कानांच्या बाबतीत मी भाबडा नाही. माणसाचा कान काय काय थापा मारतो, हे बघण्याचाच मला पगार मिळतो. एखादा आवाज सतत असला की मेंदू तो गाळून टाकतो. गाण्याच्या मोठ्या आवाजानंतर कान काही काळ सुन्न होतात. शिवाय मी मनानं उतावीळ, पेटीनं चमत्कार करावा म्हणून टपलेला. दुसऱ्या दिवशी मी सहकारी बाईंना म्हटलं, जरा माझे कान बघा. जाड भिंतींच्या खोलीत बसलो, बटण दाबत राहिलो. बाहेर आलो तर त्या म्हणाल्या, "तुमचे कान एखाद्या विशीतल्या मुलाचे आहेत. माझी थट्टा करायला बसला होतात का?"

घरी गेलो आणि ताईच्या उंबऱ्यावर प्रयोग केला. दार सताड उघडं. आत उभा राहिलो, पंप वाजत होता. एक पाऊल मागे घेतलं, बंद. पुन्हा पुढे, चालू. मधे कमी-जास्त काहीच नाही. भिंत असती, पडदा असता, तर आवाज दबका झाला असता. हा कापल्यासारखा थांबत होता.

"हे काय कवायत चालवली आहेस?" ताई म्हणाली, आणि तिच्या वाक्याच्या मध्येच मी मागचं पाऊल टाकलं.

तिचे ओठ हलत राहिले. तिनं काहीतरी विचारलं, उत्तराची वाट पाहिली, भुवया उंचावल्या. तिचा उजवा हात चादरीवर आपटला, त्याचाही आवाज आला नाही. माझ्यामागे, स्वयंपाकघरात, नळाचा थेंब मात्र टप टप पडत होता. मी पुढे झालो. "...का रे असा बघतोस?" हे शेवटचे शब्द कानावर पडले.

"काही नाही," मी म्हणालो.

त्याच क्षणी वायर उपसायला हवी होती. पेटी लावून जेमतेम दुसराच दिवस होता, आणि वैद्यबुवा म्हणाला होता की मुरू द्या. हे कारण मी स्वतःला दिलं. त्याच्या खाली दुसरं कारण होतं, तेही मला दिसत होतं. मला बरं वाटत होतं. किती दिवसांनी मला कुणी हाक मारत नव्हतं.

मी एक तोडगा काढला. अधूनमधून आपणच आत डोकावायचं. एका रेकॉर्डची एक बाजू ऐकली की एक चक्कर. तसा कडक नियमच केला. पहिले काही दिवस तो पाळलाही.

५

बायकोच्या लक्षात आलं, पण भलतंच. "घरात किती शांत वाटतं हल्ली," ती एका संध्याकाळी पाय पसरून म्हणाली. "ताईपण कशा गप्प असतात. वर्गातून सुटून आल्यावर ही शांतता म्हणजे औषध आहे हो." मग तिचं तिलाच कसंतरी वाटलं असावं. "म्हणजे, बऱ्या आहेत ना त्या?"

"बरी आहे," मी म्हणालो. "झोपते बरीच."

सकाळी मदतनीस ताईच्या खोलीतच बसून असे, त्यामुळे तिला काही वेगळं जाणवलं नाही. ती एवढंच म्हणाली की आजी दुपारचं सांगत होत्या, कुणी येत नाही म्हणून. मी म्हटलं, म्हातारपण आहे, वेळेचा अंदाज राहत नाही. किती सहज बोलून गेलो!

खड्ड्याला पाणी घालणं माझं रोजचं काम झालं होतं. झाकण सरकवायचं, पाइपाच्या तोंडात सावकाश बादली ओतायची. पाणी गुडगुड करत खाली जाई, कोळशात मुरे आणि मग सगळं शांत होई. उन्हं कलली की परसात जायचं, तेवढंच पाय मोकळे.

त्या दिवशी गुडगुड थांबली आणि खालून पंप ऐकू आला.

मी बादली खाली ठेवली. घराकडे बघितलं. ताईची खिडकी उघडी होती आणि तिच्यातून काही येत नव्हतं. मी गुडघ्यांवर बसलो, पाइपाच्या तोंडाशी कान नेला. तीच घर्रघर्र, आळीपाळीनं पट्ट्या भरणारी, आणि चादरीवर हात आपटल्याचा आवाज. मग, फार खोल नव्हे, माणूस शेजारच्या खोलीतून बोलतो तितक्या अंतरावरून, "धाकट्या."

थोडा वेळ गेला. "धाकट्या, आहेस का?"

रागावलेली नव्हती. एक्स्चेंजमध्ये पलीकडून कुणी उचलत नसलं की ती जशी न थकता पुन्हा पुन्हा नंबर लावत असेल, तसा तो आवाज होता. पाणी मागत होती. मग पाणी नको म्हणाली, नुसता ये म्हणाली. मी ऐकत राहिलो, आणि मला कळलं की यातल्या बऱ्याच हाका आजच्या नाहीत. मांजराची हाक तर आठवड्यापूर्वीची होती, त्यानंतर ते मांजर भिंतीवर फिरकलंच नव्हतं. सगळ्या तिथे जमा होत्या, एकीवर एक.

मी झाकण लावलं. घरात जाऊन ताईला पाणी दिलं, तिचा हात हातात घेऊन बसलो, रडलो. ती म्हणाली, "वेड्या, मी काय आजच मरत्येय का?" आणि पेटी बंद न करता मी झोपायला गेलो. महिना भरायला थोडेच दिवस उरले होते.

६

रविवार होता. बायको मैत्रिणीकडे गेली होती. जेवणं झाल्यावर मी ताईला कुशीवर वळवलं, पांघरूण नीट केलं.

"बस की जरा," ती म्हणाली.

"एवढी एक बाजू ऐकून येतो."

तिनं मान हलवली. मी तीच रेकॉर्ड लावली. पेटी मुरली होती, वैद्यबुवाचं खरं होतं. आता ती बाई गात नव्हती, विचार करत होती आणि मला तो ऐकू येत होता. शेवटच्या गाण्यात ती एक स्वर धरून ठेवते, वाद्य थांबतं, आणि ती एकटीच उरते. त्या जागेची मी सुरुवातीपासून वाट पाहत असतो.

ती जागा जवळ आली तेव्हा माझे डोळे अर्धवट मिटले होते. पापण्यांच्या फटीतून, आतल्या दाराशी, जमिनीलगत काहीतरी पांढरं दिसलं. चादर असावी. तिच्यापुढे एक हात होता. हात फरशीवर पसरला, बोटं आवळली, आणि मागचं सगळं वीतभर पुढे आलं.

मी बायकोला सांगितलं की मला डुलकी लागली होती. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. इथे खोटं बोलण्यात अर्थ नाही. मी तिला पाहिलं होतं. कपाळावर टेंगूळ आलं होतं, केस तोंडावर आले होते. तिचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. त्या खोलीत त्या स्वराशिवाय दुसरा कुठलाही आवाज नव्हता. तो संपायला थोडाच वेळ होता. मी डोळे मिटून घेतले.

स्वर संपला. सुई उचलली गेली. मग मी उठलो.

तिला उचलण्याआधी मी पेटीकडे झेपावलो आणि पंपाची वायर उपसली. भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये खुपसली. घर्रघर्र सुरू झाली, घरभर पसरली, आणि मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसलो. "ताई, बोल. बोल आता. शिव्या दे मला."

ती माझ्याकडे बघत होती. ओठ हलले. मी तिला कवेत घेऊन तिच्या पलंगावर ठेवलं, कान तिच्या तोंडाशी नेला. श्वास लागत होता, ऊबही लागत होती. आवाज नव्हता.

७

दुसरा झटका असणार, डॉक्टर म्हणाले. फोटोत फारसं काही दिसत नाही, पण असं होतं. वाचेचं सांगता येत नाही. बायकोनं मला एका शब्दानंही दुखवलं नाही. "तुम्ही तरी काय करणार होतात?" ती म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिनं भांडी आपटली असती तर मला सोसलं असतं.

पेटी मी परत दिली. वैद्यबुवानं विचारलं, आवाज कसा होता? मी म्हणालो, स्वच्छ. वायरमनला बोलावून खड्ड्याकडे जाणारी तांब्याची तार कापून घेतली. घरात आता पंप वाजतो, फ्रिज वाजतो, नळ टपकतो. रेकॉर्ड मी लावत नाही.

पाणी मात्र घालतो. रोज घालतो, कधी दोनदा. तार कापली तरी ताई खाली आहे. मी गुडघे टेकून ऐकतो आणि जे मागेल ते घेऊन आत धावतो. वेळ विचारली की घड्याळ घेऊन जातो. खिडकी उघड म्हणाली की खिडकी उघडतो. पलंगावरची ताई माझ्याकडे नवलानं बघते, कारण तेव्हा तिला ते नको असतं. एकदा मी पाइपात तोंड घालून ओरडलो, "ताई, मी येतोय गं, रोज येतोय!" मी कान लावला. मग ती कुणाला तरी समजुतीनं सांगावं तशी स्वतःशीच म्हणाली, "नाही येत तो. कामात असेल."

काल दुपारी बादली ओतली आणि हाक आली नाही. मी बराच वेळ थांबलो. पंप चालू होता. ती गेली की काय, असं वाटलं. इतक्यात खालून ती म्हणाली, "आलास?"

मी पाइपाला दोन्ही हातांनी धरलं. "हो ताई, हा काय इथे आहे."

"बस," ती म्हणाली. "असा जवळ बस." पण हे मला नव्हतं. गादीवर कुणीतरी टेकलं, पट्ट्यांतली हवा फुसकन दबली, तो आवाज मी रोज तिच्याजवळ टेकताना होतो तसाच होता. मग एक पुरुषाचा आवाज आला, माझ्याच आवाजासारखा, पण हलका, घाई नसलेला. शब्द लागले नाहीत. ताई हसली. आजारी पडायच्या आधी हसायची तशी, खणखणीत.

मी धावत घरात आलो. पंपाची घर्रघर्र जड झाली होती, रेटा लागत असल्यासारखी. खोलीत ताईशिवाय कुणी नव्हतं. ती उशीवर मान वळवून पलंगाच्या कडेकडे बघत होती. तिथे, तिच्या कमरेजवळ, गादीला खोलगट दाब पडला होता. शेजारच्या पट्ट्या फुगल्या, बसल्या, पुन्हा फुगल्या. तेवढीच जागा वर येत नव्हती. तिचा उजवा हात त्या दाबाजवळ चादरीवर उपडा पडला होता आणि कुणीतरी वरून धरल्यासारखी त्याची बोटं किंचित वाकली होती.

"ताई," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. ओळखलं, पण चुकीच्या वेळी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं पाहिलं. मग तिनं तो हात सावकाश सोडवून घेतला, तर्जनी ओठांवर ठेवली, आणि पुन्हा त्या बाजूला वळून ऐकू लागली. मी पाय न वाजवता मागे सरलो आणि दार ओढून घेतलं.